डिझेलच्या टेम्परेचर सेन्सरचा कोड आला तर नवा सेन्सर घेण्याआधी काय तपासाल

मी देवगड तालुक्यातला. स्वतःची पिकअप चालवतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, ऑगस्टपासून मासळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी मांगराच्या (शेतावरच्या झोपडीच्या) पडवीत उभी. दोन पावसाळ्यांमागे नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला फोंडा घाटात इंजिनाची पिवळी लाइट लागली. मागे मासळीचे क्रेट, बर्फ वितळतोय, आणि गाडी पिकअप घेईना. दाजीपूरपर्यंत दुसऱ्या गिअरवर कशीबशी चढवली.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, डिझेलच्या टेम्परेचर सेन्सरचा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा नंबर) निघाला, नवीन सेन्सर बसवला, लाइट गेली. आठव्या दिवशी तोच कोड परत. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, बसवलेला पार्ट डुप्लिकेट असणार, ओरिजिनल टाका. तोही टाकला. तीन आठवड्यांनी पुन्हा लाइट. शेवटी आमच्या वाडीजवळचे एक जुने वायरमन काका आले. सेन्सरला हातही न लावता त्यांनी वायरीचा कप्लर (सेन्सरला लागणारा प्लग) काढला आणि आतली पिन मला दाखवली. हिरवीगार झाली होती. "सेन्सर इतक्या बेगीन मरणा नाय रे," ते म्हणाले. "आधी कप्लर बघूक होयो."

दोन सेन्सरचे पैसे आणि मधली भाडी गेल्यावर मी हे सगळं त्यांच्याकडून आणि स्वतःच्या गाडीवर शिकलो. आपल्या किनाऱ्यावर हा फॉल्ट पुष्कळांना येतो, आणि पुष्कळ जण माझ्यासारखेच आधी पार्ट विकत घेतात. म्हणून काय करायचं ते क्रमाने लिहितो. हे कॉमनरेल डिझेल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) जबर दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं. पेट्रोल गाड्यांमध्ये बहुतेक वेळा असा वेगळा सेन्सर नसतोच.

हा सेन्सर करतो काय

थोडं समजून घेतलंत तर पुढच्या सगळ्या चाचण्या सोप्या जातील.

डिझेल तापलं की फुगतं आणि पातळ होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आकारमान साधारण ०.८ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तेवढ्याच जागेत मावणारं डिझेल वजनाने कमी भरतं. इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवताना ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) हा हिशोब धरतो. दुसरं असं की हाय प्रेशर पंपाला आतून वंगण मिळतं ते डिझेलचंच. ते फार तापून पातळ झालं तर पंप घासतो, म्हणून ईसीएम अशा वेळी इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो.

सेन्सर म्हणजे आत बसवलेला एक रेझिस्टन्स. गार असताना तो जास्त असतो, तापला की कमी होतो. दोन वायरी असतात. एकीवर ईसीएम स्वतःच्या आतल्या रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थची. पहिल्या वायरीवर उरलेलं व्होल्टेज बघून तापमान कळतं.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. बॉशच्या सर्रास वापरात असलेल्या अशा सेन्सरचा रेझिस्टन्स ३० अंशांना साधारण १,७०० ओहम असतो. पिनेवर गंज धरला आणि वाटेत आणखी २,००० ओहमची अडवणूक झाली, तर ईसीएमला दिसतात ३,७०० ओहम. त्याच्या लेखी ते झाले १० अंश. ऐन मे महिन्यात देवगडात डिझेल १० अंशांवर! उलट कप्लरमध्ये खारं पाणी शिरलं आणि दोन पिनांच्या मधूनच करंट जायला लागला, तर रेझिस्टन्स कमी दिसतो. १,००० ओहमची अशी वाट तयार झाली तरी एकूण ६३० च्या आसपास येतात, आणि ईसीएम समजतो डिझेल ५८-६० अंशांवर गेलंय. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत असतो.

१. सामान आणि कागद गोळा करा

लागणारं सामान:

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, फक्त त्याची बॅटरी नवी घाला.
- कोड वाचणारा स्कॅनर. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा छोटा अडॅप्टर कोड वाचायला पुरतो. पण डिझेलचं तापमान बहुतेक फुकट अ‍ॅपमध्ये दिसत नाही. ते बघायला तुमच्या कंपनीच्या गाडीचा डेटा वाचणारं अ‍ॅप किंवा गॅरेजचा स्कॅनर लागतो.
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, जुना मऊ टूथब्रश.
- कप्लरसाठीचं डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस.
- दोनचार बारीक टाचण्या, एक कागदाची पिन, छोटा आरसा, टॉर्च.
- पातेलं (स्वयंपाकाचं नको), पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर, पातळ प्लॅस्टिकची पिशवी.
- पाने, चिंध्या, डिझेल धरायला कापलेली बाटली.

कागदांमध्ये आरसी हवी, कारण पार्ट मागवताना चासी नंबर आणि इंजिन नंबर सांगावा लागतो. एकाच मॉडेलमध्ये बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे सेन्सर वेगळे असू शकतात, नुसतं मॉडेलचं नाव सांगून पार्ट घेऊ नका. गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम. आणि वॉरंटीचं पुस्तक आधी उघडून बघा. गाडी वॉरंटीत असेल तर पहिल्या तीन पायऱ्या करा, फोटो काढा, आणि सरळ अधिकृत सर्व्हिसला न्या. वायर सोललेली दिसली की क्लेम अडतो.

सुरक्षेचं एकच पण नीट वाचा. कॉमनरेलच्या लोखंडी पायपांमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो. ती डिझेलची धार कातडीतून आत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच ऑपरेशन करावं लागतं. पंपापासून रेलकडे आणि रेलपासून इंजेक्टरकडे जाणारे पाइप या कामात कुठेही सोडायचे नाहीत. गळती आहे का हे बोट लावून कधीही बघू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा, म्हणजे गारही होतं. बिडी-सिगारेट लांब.

२. कोड वाचा, लिहून ठेवा, पुसू नका

स्टिअरिंगखाली स्कॅनरचा सॉकेट असतो. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. सगळे कोड वहीत उतरवा, फक्त पहिला नव्हे.

- पी०१८० : सर्किटमध्ये काहीतरी बिघाड.
- पी०१८१ : रीडिंग येतंय, पण पटण्यासारखं नाही.
- पी०१८२ : व्होल्टेज फार कमी. वायर अर्थला लागलीय, पिनांमध्ये पाणी आहे, किंवा सेन्सर आतून शॉर्ट.
- पी०१८३ : व्होल्टेज फार जास्त. वायर तुटली, पिन सुटली, गंज, किंवा सेन्सर आतून ओपन (तुटलेला).
- पी०१८४ : मधूनच येतो, मधूनच जातो.

गाडीला असे दोन सेन्सर असतील तर दुसऱ्यासाठी पी०१८५ ते पी०१८९ असे कोड येतात.

इथे नवीन माणूस हमखास फसतो. पी०१८२ मधलं ‘लो’ हे व्होल्टेजला आहे, तापमानाला नाही. व्होल्टेज कमी म्हणजे ईसीएमच्या लेखी डिझेल भयंकर गरम. पी०१८३ मध्ये उलटं, रीडिंग उणे ४० अंश दाखवतं. कोकणात उणे ४० दिसलं की वायर कुठेतरी सुटली आहे असं खुशाल समजा.

कोड लगेच पुसू नका. कोड पडला त्या वेळचा इंजिनाचा स्पीड, तापमान वगैरे ईसीएम साठवून ठेवतो. कोड पुसला की तेही जातं. माझ्या गाडीत हीच नोंद पहिल्या गॅरेजमध्ये पुसली गेली.

सोबत रेल प्रेशर कमी असल्याचा पी००८७ हा कोड असेल (शून्य नीट मोजून लिहा, यात फार घोटाळे होतात), तर आधी डिझेल फिल्टर आणि टाकीकडून येणाऱ्या लाइनकडे वळा. ती वेगळी तक्रार आहे.

३. सकाळच्या गार गाडीचं रीडिंग

मला सगळ्यात आवडणारी चाचणी ही, कारण यात काहीच उघडावं लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी ऊन पडायच्या आत चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा, आणि तीन रीडिंग शेजारी शेजारी लिहा: कूलंट, आत येणारी हवा, डिझेल. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही जवळजवळ सारखी हवीत. पावसाळ्यात आपल्याकडे ती २५-२८ अंशांच्या आसपास येतात. दोन-चार अंशांचा फरक चालतो.

कूलंट २७, हवा २७ आणि डिझेल १२ असेल तर वाटेत कुठेतरी अडवणूक आहे. डिझेल ५५ असेल तर पाणी किंवा शॉर्ट. नेमकं सारखं आलं, तर फॉल्ट मधूनच येणारा आहे. मग इंजिन चालू करून कोणाला तरी रीडिंगवर लक्ष ठेवायला सांगा आणि वायरिंगची लड हळूहळू हलवत जा. रीडिंग उडालं की जागा सापडली.

एक सावधगिरी. फॉल्ट पडल्यावर काही ईसीएम खरं रीडिंग दाखवणं सोडून एक ठरलेला आकडा धरून चालतात. डिझेलचं तापमान तासभर चालवूनही जागचं हलत नसेल, तर तो आकडा सेन्सरचा नाही. तसं असेल तर स्कॅनर बाजूला ठेवून मल्टिमीटरवर भरवसा ठेवा.

आणि कोड पी०१६८ असेल तर थांबा. त्याचा अर्थ डिझेलचं तापमान खरोखरच फार वाढलंय असा आहे, सेन्सर कदाचित बरोबर सांगतोय. इंजेक्टर आणि पंपातून उरलेलं गरम डिझेल परत टाकीत येतं. टाकी भरलेली असली की ती उष्णता पसरते. टाकीत चार-पाच लिटरच असेल आणि मे महिन्याच्या दुपारी भरल्या गाडीने फोंडा, गगनबावडा किंवा आंबा घाट चढत असाल, तर तेच थोडं डिझेल फिरून फिरून तापतं. घाटाखाली टाकी अर्ध्याच्या वर भरून घ्या, आणि गाडीला रिटर्न लाइनवर कूलर असेल तर तो जांभ्याच्या चिखलाने लिंपलेला नाही ना ते बघा. चाकाजवळचा तो लाल चिखल वाळला की दगडासारखा बसतो.

४. सेन्सर शोधा आणि कप्लर उघडून बघा

जागा गाडीगणिक बदलते. काहींत तो हाय प्रेशर पंपावरच असतो, काहींत डिझेल फिल्टरच्या डोक्यावर, काहींत फिल्टर ते पंप रबरी लाइनमध्ये किंवा रिटर्न लाइनवर. दोन पिनांचा छोटा कप्लर आणि डिझेलच्या लाइनमध्ये घुसलेलं पितळी किंवा प्लॅस्टिकचं नाक, ही त्याची खूण. फिल्टरच्या बुडाशी असणारा सेन्सर बहुधा पाणी दाखवणारा असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. पंपावर शेजारीच मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेचा) कप्लरही दोन पिनांचाच असतो. तो चुकून उघडून मोजमाप केलंत तर सगळे आकडे भलतेच येतील. नकाशातला वायरीचा रंग जुळवून खात्री करा.

चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा. कप्लरचं लॉक दाबून सरळ ओढा, वायर धरून ओढू नका. आता टॉर्च मारून बघा:

पिना हिरव्या किंवा पांढऱ्या पडल्यात का. हिरवट थर म्हणजे तांब्याला मीठ लागलंय. आत ओल आहे का. रबरी सील जागेवर आहे का, की मागच्या वेळी कोणीतरी हरवलंय. पिन मागे सरकलीय का. कप्लरपासून मागे वीतभर वायर बोटांनी चाचपा, कुठे मऊ लागली तर वरचं कव्हर शाबूत असूनही आतलं तांबं कुजलेलं असतं.

मासळीच्या गाडीला हे लवकर होतं. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकत चासीवर येतं आणि तिथून लडीत शिरतं. पण मासळी न वाहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. बंदराजवळ, खाडीकाठी गाडी उभी राहत असेल, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर वरचेवर चढत असेल, तर खारी हवा आणि शिंतोडे पुरतात. माझ्या गाडीचा कप्लर उताणा बसला होता आणि वायर वरून खाली येत होती. पाणी वायरीवरून ओघळत थेट सीलपाशी जमायचं.

उंदीरही बघा. भातशेतीत पाणी भरलं की उंदीर मांगरात येतात आणि उभ्या गाडीच्या उबेला जातात. दोन महिने उभी असलेली गाडी असेल तर लडीच्या टेपवर दातांच्या खुणा शोधाच.

आता माझ्या दोन सेन्सरचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही फसणार नाही. नवा सेन्सर बसवताना कप्लर काढून परत लावला जातो. त्यात पिना एकमेकींवर घासतात, गंज तेवढ्यापुरता खरवडला जातो आणि लाइट जाते. सगळ्यांना वाटतं सेन्सरने काम केलं. आठ-पंधरा दिवसांत थर पुन्हा धरतो.

५. काढा आणि जोडा

कप्लरमध्ये काहीच दिसलं नाही, तरी सेन्सर घ्यायला जाऊ नका. बॅटरी परत जोडा, चावी ऑन, इंजिन बंद.

कप्लर काढलेला असताना स्कॅनरवर रीडिंग बघा. उणे ४० किंवा त्या गाडीचा सगळ्यात खालचा आकडा यायला हवा. मग कागदाची पिन वाकवून वायरीच्या बाजूच्या कप्लरमधल्या दोन्ही पिना एकमेकींना जोडा. रीडिंग एकदम वर, शंभराच्या पुढे जायला हवं. दोन्ही वेळा असं झालं तर ईसीएम आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही ठीक आहेत. मग दोष राहिला तो कप्लरच्या पकडीत किंवा सेन्सरमध्ये.

उघडा असतानाही रीडिंग वरच राहिलं तर वायर कुठेतरी अर्थला लागलीय. जोडूनही रीडिंग खालीच राहिलं तर वायर तुटलीय.

ही जोडाजोड फक्त दोन पिनांच्या, खात्रीने ओळखलेल्या सेन्सरवर करा. ईसीएममधला रेझिस्टन्स करंट अडवतो म्हणून इथे धोका नाही. तीन-चार पिनांचा एकत्र कप्लर असेल तर नकाशाशिवाय पिन घालू नका. आणि बॅटरीचे १२ व्होल्ट किंवा टेस्ट लॅम्प या वायरींना चुकूनही लावू नका, ईसीएम जाईल. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.

६. मल्टिमीटरने मोजा

कप्लर काढलेला, चावी ऑन. मीटर डीसी व्होल्टवर. काळी टोच बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोच कप्लरच्या एकेका पिनेला. एका पिनेवर साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत, ४.८ ते ५.१ मध्ये काहीही चालेल. आता लाल टोच तिथेच ठेवून काळी टोच शेजारच्या पिनेला लावा. तेवढेच व्होल्ट हवेत. पहिल्यांदा मिळाले आणि दुसऱ्यांदा नाहीत, तर अर्थची वायर गेली. पहिल्यांदाच नाहीत, तर ५ व्होल्टची वायर तुटलीय किंवा अर्थला लागलीय.

टोच पिनेत कोंबू नका, बारीक टाचणी हलकेच टेकवा. मादी पिनेचं तोंड एकदा फाकलं की तिची पकड जाते आणि तुमच्याच हाताने नवीन फॉल्ट तयार होतो. वायरीला टाचणी टोचून मोजायची सवय असेल तर ती किनाऱ्यावर सोडून द्या. त्या भोकातून खारट ओल आत शिरते आणि सहा महिन्यांत वायर आतून काळी पडते.

तुटकी वायर शोधताना चावी बंद करा, बॅटरी काढा आणि मगच मीटर बीपवर ठेवून ईसीएमच्या कप्लरपासून सेन्सरच्या कप्लरपर्यंत मोजा. वायर हलवत मोजा. एकच बारीक तार धरून असली तरी बीप वाजतो, म्हणून बीप वाजला एवढ्यावर समाधान मानू नका, ओहमही बघा. दोन-तीन ओहमच्या वर जाता कामा नये.

७. सेन्सरचा रेझिस्टन्स

आता सेन्सरची पाळी. कप्लर काढलेलाच असू द्या. मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मोजा. वर सांगितलेल्या प्रकारच्या सेन्सरसाठी आकडे साधारण असे:

- २० अंश : २,५०० ओहम
- ३० अंश : १,७०० ओहम
- ४० अंश : १,१७५ ओहम
- ६० अंश : ६०० ओहम
- ८० अंश : ३२० ओहम

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, तिच्या मॅन्युअलमधलेच धरा. चढउताराची रीत मात्र हीच दिसली पाहिजे. गार सकाळी मोजा, मग इंजिन वीस मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा मोजा. आकडा सरळ खाली आला पाहिजे. मीटरवर ‘ओएल’ आलं तर सेन्सर ओपन, शून्याजवळ आलं तर शॉर्ट.

सेन्सर काढलेला असेल तर पातेल्यात कोमट पाणी घ्या, सेन्सर पातळ पिशवीत घालून फक्त नाक बुडवा, पिना वर कोरड्या राहू द्या. थर्मामीटर शेजारी. गरम पाणी थोडं थोडं ओतत प्रत्येक १० अंशांना ओहम लिहा. मध्येच आकडा उडाला तर सेन्सर आतून तडकलाय, आणि तो बदलायलाच हवा. पिशवी यासाठी की पाण्याचा थेंब परत डिझेलच्या लाइनमध्ये जाऊ नये. पाणी चुलीवरून उतरवून गाडीपाशी आणा, डिझेल लागलेला सेन्सर चुलीजवळ नेऊ नका.

८. कप्लर साफ करणं किंवा बदलणं

काकांनी शिकवलेली ही गोष्ट मला कुठल्याच गॅरेजमध्ये दिसली नव्हती. कॉन्टॅक्ट क्लीनरने तेल-घाण निघते, मीठ निघत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून बॅटरी काढून आधी डिस्टिल्ड वॉटरने कप्लर दोन-तीनदा धुवा, टूथब्रशने हलकं घासा, झटका. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तो उरलेलं पाणी ओढून नेतो. पंख्याखाली किंवा उन्हात पूर्ण वाळू द्या. विहिरीचं किंवा नळाचं पाणी वापरू नका. पॉलिश पेपर तर नकोच, पिनेवरचा कल्हईसारखा मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने धरतो.

वाळल्यावर रबरी सीलला आणि तोंडाला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल, चाकाचं ग्रीस, इंजिन ऑइल यातलं काही लावू नका. काही रबर त्याने फुगतं आणि सील बसेनासं होतं.

पिन अर्धी खाल्ली गेली असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नका. वायरीसकट नवा कप्लर मिळतो. मागची काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. मी माझ्या गाडीत वीतभर कापली. दोन वायरींचे जोड एकाच जागी घेऊ नका, दोन बोटं मागेपुढे घ्या. जोड क्रिम्प किंवा सोल्डर करून वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. नुसती काळी टेप आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात चिकट होऊन सुटते आणि पाणी धरून ठेवते.

शेवटी वायर बांधताना कप्लरच्या आधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या बुडाशी थेंब होऊन गळेल, कप्लरकडे जाणार नाही. माझ्या मते या सगळ्यात टिकाऊ दुरुस्ती ही आहे, आणि तिला खर्च एका केबल टायचा.

९. सेन्सर बदलायचाच असेल तर

चासी नंबर सांगून पार्ट घ्या. आजूबाजूची जागा चिंधीने स्वच्छ पुसा, जांभ्याची एक कणी लाइनमध्ये गेली तरी पंप आणि इंजेक्टर दोन्ही धोक्यात येतात. खाली बाटली धरून सेन्सर सोडा, भोक लगेच स्वच्छ चिंधीने झाका. जुनी ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर परत वापरू नका. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटून आत जातात. हाताने आटे बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळा.

लाइनमध्ये हवा जाते. हँड प्रायमिंग पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून थोडं थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा. मग स्टार्टर मारा. दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. गाडी लागल्यावर सेन्सरच्या बुडाशी कोरडा कागद धरून ओल येते का बघा. जुना सेन्सर आणि बिल जपून ठेवा.

१०. कोड पुसा आणि खात्री करा

आता कोड पुसायचा. पुसल्यावर लाइट गेली यावर विसंबू नका, मीही दोनदा विसंबलो होतो. गाडी थंड होऊ द्या, मग निदान तासभर चालवा, शक्य असेल तर माल भरून घाटात. परत आल्यावर स्कॅनरमध्ये पक्के कोड बघा, आणि ‘पेंडिंग’चं पान वेगळं उघडून तेही बघा. फॉल्ट परत येत असेल तर तो लाइट लागण्याआधी तिथे दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीतली तीन रीडिंग परत घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. माझ्या वहीत दुरुस्तीच्या आधी डिझेलसमोर ११ लिहिलंय, नंतर २६. त्यानंतर दर पावसाळ्यानंतर, पहिल्या मासळीच्या फेरीआधी मी तोच कप्लर उघडतो, डिस्टिल्ड वॉटरने धुतो, ग्रीस लावतो आणि सकाळची तीन रीडिंग त्याच पानावर खाली लिहितो. पंधरा मिनिटांचं काम आहे. गाडी प्रेशरने धुवायला देताना त्या कप्लरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला विसरू नका, आणि धुणाऱ्याला इंजिनावर गन मारू नको असं आधीच सांगा.